पार्बताबाईचा रिकामा डबा

१

"पोरी, एक ध्यानात ठेवजो. माह्या घरून डबा रिकामा वापस जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर टाकतेच मी. ज्या दिवशी रिकामा येईन ना, त्या दिवशी समजजो, म्हातारी घरात नाही."

पार्बताबाई हे म्हणाल्या, तेव्हा रागिणीने "काहीतरीच बोलता आजी!" म्हणून हसण्यावारी नेलं होतं. कोणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, हे काय तिला ठाऊक नव्हतं? तीही चांदूर रेल्वेचीच पोर.

तशी रागिणी कोणतीच गोष्ट हसण्यावारी नेणारी नव्हती. निजलेल्या तान्ह्या लेकीच्या, छकुलीच्या, नाकाशी बोट धरून श्वास बघायची, निघताना गॅसचं बटण परत परत बघायची, दुधाची बाटली धुतली की नाकाशी नेऊन हुंगायची. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालेली बाई ती. नवरा, नितेश, चिडवायचा, "डिग्री तुझी आणि परीक्षा आमची."

नितेशला चर्चच्या संत योसेफ बंधुमंडळात घालायचं, हे तिच्याच डोक्यातून निघालं होतं. अमरावतीत त्यांचं नात्याचं कोणी नव्हतं. नितेश औषधांच्या ऑर्डरी घेत तालुके पालथे घालायचा. काही बरंवाईट झालं तर दार कोणाचं वाजवायचं? मंडळातले पुरुष आजाऱ्याच्या उशाशी बसत, मयताला खांदा देत, कोणाच्या घरात पाणी शिरलं तर सामान उचलायला धावत. मंडळाचा निळा पट्टा खांद्यावर आला की चार खांदे आपले झाले, असा तिचा हिशेब.

प्रवेशाची रीत मात्र सोपी नव्हती. हिवाळ्यात नाव द्यायचं, एक घर सेवेला घ्यायचं, आणि मार्चमध्ये संत योसेफच्या सणाला शपथ. नितेशच्या वाट्याला चर्चमागच्या गल्लीतल्या पार्बताबाई आल्या. जुन्या धर्मशिक्षकाची विधवा, एकटी, पाय अधू. वर्षभरात चर्चपर्यंतही आलेली नव्हती. सुरुवातीला सगळे मिळून भेटायला गेले, तेव्हाच तिने रागिणीला डब्याचं सांगितलं. स्वयंपाक रागिणीचा, डबा पोचवणं नितेशचं, आणि रविवारी दुपारी तिच्याजवळ जाऊन बसणं अध्यक्षांचं, म्हणजे महादेवरावांचं. महादेवराव निवृत्त मुख्याध्यापक. बाप्तिस्म्याचं नाव मॅथ्यू, पण सगळ्या गावाचे 'सर'.

"सेवेचा गाजावाजा करायचा नाही," सरांनी नव्या उमेदवारांना बजावलं होतं. "उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. डबा फाटकाच्या खिळ्याला लावा, आधीचा उचला, निघा."

परत येणाऱ्या डब्यात कधी बोरं असत, कधी संत्र्याच्या फोडी, कधी चिंचेचा गोळा. चार डिसेंबरला तर शिरा आला होता, निरोपासकट, "आज माह्या संतिणीचा सण."

आणि मग होळीच्या सुमारास एक दिवस डबा रिकामा आला. स्वच्छ धुतलेला, पुसलेला, कोरडा ठणठणीत.

छकुलीला दात येत होते. घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. विसरली असेल म्हातारी, असं म्हणून रागिणीने त्यात वरण ओतलं. पुढचाही रिकामा आला. त्याच्या पुढचाही.

२

"रागिणीताई! ओ रागिणीताई!"

माधवी धापा टाकत जिना चढून आली. तिचं फुलांचं दुकान पार्बताबाईच्या शेजारी. झेंडूच्या तोडणीला ती माहेरी चांदूर बाजारला गेली होती, पंधरवडा तिकडेच होती.

"आजी कुठी गेली वं?"

"घरीच आहे. कुठे जाणार?"

"काय घरी! मी फाटक ढकलून आत गेली. दाराले कुलूप. अंगणात पाचोयाच पाचोया. अन् त्या कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं, ताई!"

रागिणीने छकुलीला घट्ट धरलं. फाटक होतं पुरुषभर उंच पत्र्याचं. बाहेरून आतलं दार दिसत नसे.

स्वयंपाकघरात नितेशने तासाभरापूर्वीच आणून ठेवलेला डबा होता. रिकामा.

मग इतके दिवस तिचं जेवण कोण जेवत होतं?

३

संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात सगळे जमले. फादर आईच्या आजारपणामुळे महिनाभर केरळात होते, त्यामुळे जे काय ते सरांनीच बघायचं. पोलिसांत कळवून झालं होतं.

"नितेश, तू डबा नक्की कुठे देत होतास?" सरांनी शांतपणे विचारलं.

"खिळ्याला लावत होतो सर. तुम्ही सांगितलं तसा."

"आणि रिकामा डबा मिळत होता?"

"प्रत्येक वेळी."

मागून कोणीतरी म्हणालं, "घरात माणूस नाही अन् डबा धुऊन येते! चमत्कारच म्हणावा."

हशा पिकला. नितेशचे कान लाल झाले. डबा रस्त्यातच कुठेतरी उलटा करून आणतो, असाच सगळ्यांचा समज झालेला दिसत होता.

"माझ्याकडे रविवारची भेट होती," सर म्हणाले. "सणाला बिशपस्वामी येणार म्हणून मी तयारीत गुंतलो, मला जमलं नाही. म्हणूनच तुझ्यावर भरवसा टाकला होता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिचा भाचा पिंटू अकोल्याला ऑटो चालवतो. त्यानेच नेलं असेल. पण सेवेत खोटेपणा चालत नाही. रविवारच्या सणापर्यंत उलगडा झाला नाही, तर नितेशचं नाव मागे घ्यावं लागेल."

पिंटूला तिथूनच फोन लावला गेला. "मावशी? मले काही माहीत नाही जी!" तो पलीकडून ओरडला. "मी आत्ताच निघतो, इथले सारे दवाखाने पाहतो."

छकुली रडायला लागली. रागिणी तिला घेऊन सभागृहाच्या बेसिनपाशी गेली आणि दुधाची बाटली धुवायला लागली. तिथे गुलाबी पातळ साबणाची बाटली होती. सवयीने तिने धुतलेली बाटली नाकाशी नेली आणि थबकली.

गुलाबाचा वास. गोड, जरा औषधी.

हा वास तिने या आठवड्यात हुंगला होता. आणि इथे नव्हे, स्वतःच्या ओट्याशी.

४

घरी आल्या आल्या तिने सकाळचा डबा उघडून हुंगला. खालच्या पुडाच्या कडेला अजून गुलाब होता.

"नितेश, पार्बताबाई भांडी कशाने घासायच्या?"

"राखेनं. चुलीची राख अन् नारळाची शेंडी. मी पाहिलंय सुरुवातीला. काहून?"

"कारण हा डबा सभागृहात धुतलाय."

सभागृहाच्या किल्ल्या दोघांकडेच. एक महादेवराव सरांकडे, दुसरी घंटा वाजवणाऱ्या शालिकरामकडे. दुसऱ्या दिवशी छकुलीला कडेवर घेऊन रागिणी आधी शालिकरामकडे गेली. तो पायऱ्या झाडत होता, आणि पायऱ्यांवर चार गलेलठ्ठ कुत्री पसरली होती.

"हे कुत्रे पहा ना ताई. पहिले मटनवाल्याच्या गल्लीत राहत. आता सकाय झाली का इथंच. कोण खाऊ घालते यायले, देव जाणे."

"सकाळी सभागृह कोण उघडतं, शालिकरामभाऊ?"

"सरच. भाषण लिवून राहिले ना बिशपस्वामीसाठी. मले म्हणे, सकायची झाडझूड राहू दे, डिस्टर्ब होते." तो हसला. "तुमी काय माह्यावर डाऊट घेऊन राहिल्या का?"

"घेऊन पाहिला. बसला नाही."

तो खदखदून हसला. डाऊट न बसण्याचं कारण तिच्या डोळ्यांसमोर होतं. छकुलीच्या बाप्तिस्म्याला तिने या एकट्या माणसाला वाटीभर खीर दिली होती आणि वाटी परत आली ती लिंबांनी भरून. ज्याच्या हातून भांडं रिकामं जात नाही, तो हा डबा असा कोरा कसा टांगेल?

तिथून ती सरांच्या घरी गेली. सर बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नीने, आशाबाईंनी, छकुलीला मांडीवर घेतलं आणि मनातलं मोकळं करायला सुरुवात केली.

"काय सांगू माय, या मंडळापायी घरात लक्षच नाही यायचं. तसंही घरात कधी होतं म्हणा! चाळीस वर्षांत एक वाटी विसळली असंन तर शपथ. आता लेक बाळंतीण झाली अकोल्याले. मी डिंकाचे लाडू करून यायच्या हाती धाडले, तर लेक म्हणते, 'आई, बाबा आलेच नाहीत.' म्हटलं, अहो लाडू कुठी गेले? तर म्हणे बसमधी राह्यले!"

"मग सर अकोल्याला जातात तरी का?"

"आठवड्यातून दोनदा! अन् नातवाचं तोंड पाह्यलं नाही अजून. काय म्हणावं या माणसाले?"

रागिणी उठली. तिने छकुलीला पुन्हा कडेवर घेतलं.

रात्री तिने नितेशला सगळं सांगितलं, तेव्हा तो उठून बसला. "सर? वेडी झालीस का तू? ज्यांनी आयुष्यात वाटी विसळली नाही, ते डबे धुतील?"

"म्हणूनच तर. हा डबा बाईने परत केला असता, हिंदू असो की आपली, तर काहीतरी टाकून केला असता. शालिकरामनेही केला असता. डबा धुवायचा असतो एवढं ज्याला माहीत आहे, पण भरून द्यायचा असतो हे ज्याच्या गावीही नाही, असा माणूस शोध. ज्याच्या घरची भांडी आयुष्यभर दुसऱ्या कोणीतरी परत केली."

नितेशने दिवा लावला.

"उद्या अकोल्याला जायचं," ती म्हणाली. "लेकीकडे न जाता सर तिथे कोणाकडे जातात? लाडू जिथे आहेत तिथे आजी आहे. जिवंत आहे. मेलेल्या माणसाला कोणी डिंकाचे लाडू नेत नाही."

५

अकोल्याच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेलं तशी छकुली नितेशच्या मांडीवर झोपली. अकोल्याच्या स्टँडवर पिंटू ऑटो घेऊन उभा होता, डोळे तांबारलेले.

"ताई, एक दवाखाना सोडला नाही म्या. सरकारी, खाजगी, सारे. पार्बताबाई नावाची बाईच नाही कुठी."

शनिवारचं ऊन ऑटोच्या टपावर तापत होतं. मिशनच्या सिस्टरांच्या दवाखान्यातही तेच उत्तर मिळालं होतं, असं पिंटू म्हणाला. रागिणी त्या दवाखान्याच्या उल्लेखाशी अडली. सर पार्बताबाईंना नेतील तर सिस्टरांकडेच. आणि सिस्टर नाव विचारतील तर...

चार डिसेंबर. माह्या संतिणीचा सण.

"पिंटूभाऊ, मावशीचं बाप्तिस्म्याचं नाव काय?"

पिंटूने डोकं खाजवलं. "आमी तं पार्बतामावशीच म्हणतो जी. त्या नावानं कोणी हाक मारत नाही."

"चार डिसेंबरला कोणाचा सण असतो? संत बार्बराचा. बार्बराचीच पार्बता झाली असणार! चला, सिस्टरांकडे परत चला."

काउंटरवरच्या सिस्टरने नाव ऐकताच मान डोलावली. "बार्बरा आजी? खुब्याचं हाड मोडलेली? या ना, या. तुम्ही घरचे का? फार वाट बघते हो ती."

खिडकीशी खाटेवर पार्बताबाई होती. निम्मी झालेली, पण डोळे तेच. नितेशला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आले का? सवड झाली का?"

"आजी, आम्हाला माहीतच नव्हतं!" रागिणी खाटेवरच बसली.

"मले तं सर म्हणे, सांगतलं तुले. म्हणे, ती पोरीत अडकली, येईन नंतर." म्हातारीने छकुलीच्या पायावर हात ठेवला. "मी म्हटलं, असू दे. तिची लेक लहान आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रविवारी सकाळी नितेश डबा लावून गेल्यावर ती तो घ्यायला निघाली आणि अंगणात पाय घसरला. आवाज द्यायला शेजारी माधवी नव्हती. दुपारी सर येतील म्हणून ती पडल्या जागी वाट पाहत राहिली. सर आले ते दिवेलागणीला. गाडी करून इथे आणलं, ऑपरेशन करवलं.

"लय रडले बिचारे. म्हणे, पार्बताबाई, कोणाले बोलू नका, मी सारं पाहतो. वाईट नाही माणूस. लाडूही आणून देल्ले, हाडाले चांगले म्हणून."

उशाशी पितळी डबा होता. रागिणीने झाकण उघडलं. आशाबाईंचे डिंकाचे लाडू, वर बदामाची अर्धी फाक.

पिंटू मुठी आवळत म्हणाला, "आता त्या मास्तरले दाखवतो मी!"

"तुम्ही मावशीजवळ थांबा," रागिणी म्हणाली. "दाखवायचं काम माझं."

६

रविवारी सकाळी सभागृहाबाहेर कमान उभी होती. मिस्सेला, म्हणजे सणाच्या प्रार्थनाविधीला, वेळ होता. आत सर, आशाबाई, शालिकराम आणि मंडळाचे बारा-पंधरा जण पट्टे घालून तयार. नितेश कोपऱ्यात, बिनपट्ट्याचा.

रागिणी सरळ सरांसमोर गेली आणि टेबलावर डबा ठेवला. तळाशी जरासं वरण होतं.

"सर, उलगडा सांगते. पण आधी एक काम करा. हा डबा माझ्या घरून तुमच्याकडे आला असं समजा. तुम्ही जेवलात. आता मला परत द्या."

"हा काय पोरखेळ आहे?"

"दोन मिनिटांचा आहे. करा ना सर."

सगळे पाहत होते. सर कसनुसं हसले, डबा उचलून बेसिनपाशी गेले. गुलाबी साबण घेतला. नीट धुतला, रुमालाने पुसला, झाकण लावलं आणि तिच्यासमोर धरला. गुलाबाचा वास दरवळला.

"घ्या. झालं?"

आशाबाई पुढे झाल्या. "अहो, असा रिकामा देतात का कोणाचा डबा! शोभते का तुमाले?" त्यांनी डबा ओढून घेतला आणि टेबलावरच्या प्रसादाच्या ताटातला गुळाचा खडा आत टाकला. "एवढंही येत नाही या माणसाले!"

"नाही येत," रागिणी म्हणाली. "म्हणून तर पंधरवडाभर माझ्या घरी येणारे डबे रिकामे होते. धुतलेले याच साबणाने, याच बेसिनवर. पोळ्या बाहेरच्या कुत्र्यांनी खाल्ल्या. काकू, तुमचे लाडू बसमध्ये राहिलेले नाहीत. अकोल्याला पार्बताबाईंच्या उशाशी आहेत. काल मी स्वतः बघून आले. बदामाची अर्धी फाक लावता ना तुम्ही?"

आशाबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अगं बाई... हे काय केलंत हो?"

सर खुर्चीत बसले, बसले म्हणजे कोसळलेच. आवाज आला, तो मुख्याध्यापकाचा नव्हता.

"म्हातारी दुपारभर उन्हात अंगणात पडून होती, आणि मी या कमानीचं माप घेत होतो. बिशपस्वामींना कळवलं होतं मी, आमच्या चर्चच्या धर्मग्रामात एकही म्हातारं माणूस एकटं नाही म्हणून. वाटलं, बरी झाली की गुपचूप परत आणीन. कोणाला कळणार नाही."

"आणि नितेश?"

"त्याच्यावर मी आरोप केला नाही."

"होऊ दिलात. आणि आजीला सांगितलंत, रागिणीला वेळ नाही. ती तिथे भिंतीकडे तोंड करून माझी वाट बघत होती, सर."

सरांनी खांद्यावरचा निळा पट्टा काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि उठून नितेशसमोर हात जोडले. मागच्या रांगेत त्या सभेत हसलेला माणूस जमिनीकडे बघत होता.

मिस्सेत शपथेची वेळ आली, तेव्हा नितेश पुढे गेला पण लगेच बोलला नाही. "एक सांगायचंय," तो म्हणाला. "फाटक ढकलायला मला दोन मिनिटं लागली असती. मीही ढकललं नाही. हे मान्य असेल तर पट्टा द्या."

नितेशच्या खांद्यावर पट्टा आला, आणि शालिकरामने घंटा वाजवली, जरा जास्तच जोरात.

त्या दिवसापासून मंडळाने फाटकावरचा खिळा उपटून टाकला. डबा हातात द्यायचा, माणसाचं तोंड बघायचं, मगच वळायचं. पार्बताबाईंना अकोल्याहून आणायला नितेश गेला, आणि त्याच्यासोबत सर, पट्ट्याशिवाय. म्हातारीने सरांना पाहून म्हटलं म्हणे, "बसा. आता तरी रविवारी दुपारी येत जा." ते येतात. आणि आशाबाईंच्या घरी हल्ली सर स्वतः वाट्या विसळतात, असंही ऐकिवात आहे.

परवा पार्बताबाईंकडून डबा परत आला. रागिणीने झाकण उघडून हुंगलं. राखेचा वास, आणि तळाशी अर्धा डिंकाचा लाडू, छकुलीच्या दाताखाली विरघळेल असा कुस्करलेला.

रागिणी हल्ली ज्याला भेटेल त्याला एकच विचारते, आणि आता तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या ओट्यावर एखादं भांडं असेल, जे नेहमी काही ना काही घेऊन परत यायचं आणि गेल्या वेळी नुसतंच आलं. आठवलं का कोणाचं ते? मग फोन करू नका. उठा, जा, फाटक ढकला, आणि त्या माणसाला डोळ्यांनी पाहून या.